पिंगळीची पुतणी

नर्मदेचं लग्न झालं तेव्हा तिला अठरावं लागलं होतं आणि दिनकरराव बेचाळीस वर्षांचे होते. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नर्मदेचं लग्न लांबत गेलं. आई गेली तेव्हा पिंगळीतले लोक तिच्या वडिलांना सांगायला लागले की आता पोरीला बिजवरच मिळणार. तसंच झालं.

दिनकरराव जिंतूरच्या तहसिलीत गिरदावर होते. घोड्यावर बसून गावोगाव हिंडायचं, पिकं आणि बांध बघायचे, पाटील-पटवाऱ्यांचे कागद तपासायचे आणि उर्दूत कैफियत लिहून वर पाठवायची, हे त्यांचं काम. पहिली बायको कमलबाई. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. त्याच वेळी त्यांची बदली हिंगोलीला झाली, आणि तिथंच ती बाळंतपणात गेली. लेकरूही राहिलं नाही. त्यानंतर अडीच वर्षं ते एकटे होते. पुन्हा जिंतूरला बदली झाली तेव्हा थोरल्या बहिणीनं हट्ट धरला आणि नर्मदा घरात आली.

माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नव्हते आणि जास्त पडलं तरी बोलत नव्हते. सकाळी शेरवानी चढवून कचेरीत जायचे, दिवेलागणीला यायचे, जेवायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. महिन्यातले दहा-बारा दिवस दौऱ्यावर. नर्मदेचं माहेर पिंगळीच्या स्टेशनाला लागून होतं. तिथं गाडी यायची, माणसं उतरायची, हमालांची भांडणं व्हायची, दिवस कसा जायचा ते कळायचं नाही. इथं दोन खोल्या होत्या, आणि दुपारी त्या दोन खोल्यांत तिला आपल्या बांगड्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. शेजारणी बोलवायच्या, पण बोलणं फिरून फिरून कमलबाईंवर यायचं. कमलबाई लोणचं कसं घालायच्या, कमलबाईंचा गळा किती गोड होता. मग नर्मदेनं जाणं कमी केलं.

असे सहा महिने गेले. पौषात एका गुरुवारी संध्याकाळी जेवता जेवता दिनकरराव म्हणाले की उद्या जुम्मा आहे, कचेरीला सुट्टी आहे, चारठाण्याला जाऊन येऊ. तिथली देवळं बघण्यासारखी आहेत. जुनं शहर होतं ते, दगडाचं काम तसं कुठं बघायला मिळायचं नाही.

नर्मदेला आधी वाटलं, ते दौऱ्याचंच सांगताहेत. म्हणून तिनं विचारलं की डब्यात काय देऊ. तर ते म्हणाले, "दोघांचं घे."

रात्री तिनं धपाट्यांचं पीठ मळून ठेवलं. पहाटे उठून धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, दही फडक्यात बांधलं. लग्नातलं अंजिरी लुगडं नेसली. मुंजाजी नावाच्या गाडीवानाची दमणी सांगितली होती, ती अंधारातच दाराशी आली. सहा कोसांचा रस्ता. दिनकरराव पुढं मुंजाजीजवळ बसले आणि ती आत, गवतावर अंथरलेल्या जाजमावर. थंडी लय होती. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, मधे मधे करडईचे पट्टे. सूर्य वर आल्यावर दिनकररावांनी मान वळवली आणि पूर्वेचा एक माळ दाखवून म्हणाले की तिथं हरणं येतात, दिसली तर सांगीन. हरणं दिसली नाहीत, पण नर्मदा कितीतरी वेळ त्या माळाकडं बघत राहिली. आपल्या नवऱ्यानं आपल्याला काहीतरी दाखवायचं ठरवलं आहे, एवढ्याचाच तिला आनंद झाला होता.

चारठाण्यात शिरताना त्यांनी सांगितलं की इथं ग्यानबा गुरव आहे, देवळांची माहिती त्याला आहे. आपण पूर्वी दौऱ्यावर आलो की त्याच्याकडंच उतरत होतो. तिसऱ्या पहरचा चहाही तिथंच व्हायचा.

"मंग मावशी हायेत का घरात?" नर्मदेनं विचारलं.

"आहे ना. त्याची बायको, कासाबाई," ते म्हणाले, आणि एवढं म्हणताना हसले. ते हसल्याचं तिनं पहिल्यांदा बघितलं.

दमणी गुरवाच्या दारात थांबली. ग्यानबा साठीचा, वाळलेला माणूस, हातात बेलाची पाटी घेऊन बाहेर निघालेला. दिनकररावांना बघून त्यानं पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. तीन वर्षांनी आलाव, म्हणाला, आमी तर म्हणलं गिरदावरसाहेब आमाला इसरले. मग तो वाकून दमणीत बघायला लागला.

"बाई न्हाई आल्या?"

नर्मदेचा एक पाय दमणीच्या पायटीवर होता आणि दुसरा अजून आत. तिनं नवऱ्याकडं बघितलं. दिनकररावांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण ते कुठंच बघत नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "ह्या खेपेला तिला जमलं नाही."

"आन् ह्या?"

"ही पुतणी. आमच्या चुलतभावाची. पिंगळीची."

नर्मदा खाली उतरली. मुंजाजी बैल सोडत होता, त्यानं एकदा वर बघितलं आणि पुन्हा जुवाला हात घातला. आतून कासाबाई पदर सावरत आली. गोल अंगाची, कपाळभर गोंदलेली बाई. तिनं नर्मदेच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, पुतणी का? नाक चुलत्यावरच गेलंय की.

पाण्याचा तांब्या पुढं आला, नर्मदेनं चूळ भरली, पाय धुतले. आपल्याला काय म्हटलं गेलं आहे ते तिला हळूहळू कळत गेलं, आणि कळल्यावर आधी राग आला नाही, लाज वाटली. वाटलं, चोवीस वर्षांचं अंतर बघून लोक हसतील म्हणून ते असं म्हणाले असतील.

मग ते देवळं बघायला निघाले. पुढं ग्यानबा, मागं दिनकरराव, त्यांच्या मागं चार पावलांवर ती.

गाव म्हणायचं तर शे-दोनशे उंबऱ्यांचं, पण जिथं बघावं तिथं घडलेला दगड. कुणाच्या गोठ्याच्या भिंतीत कोरीव पट्टी बसवलेली, कुणाच्या दारात खांबाचा तुकडा पायरीला टाकलेला. ग्यानबा सांगत होता की इथं एकेकाळी तीनशेसाठ देवळं होती आणि तेवढ्याच विहिरी. खरं-खोटं देव जाणे, पण आमचे वाडवडील सांगत आलेत. उंच दगडी स्तंभापाशी ते थांबले. नर्मदेनं मान मागं टाकून बघितलं, डोक्यावरचा पदर घसरला. दिनकरराव तिला सांगायला लागले की ह्यात कुठं चुना नाही, दगडाला दगड कसा बसवलाय बघ, कारागिरानं आधी खाली मांडून बघितलं असणार. ते हातांनी दाखवत होते. एका हाताचा तळवा, त्यावर दुसऱ्याची मूठ. त्यांचे हात इतके हलतात हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढं महादेवाचं देऊळ. आत गार आणि अंधार, वटवाघळांचा वास. डोळे सरावल्यावर खांबांवरच्या बाया दिसायला लागल्या. एक केस पिळत होती, एक आरशात बघत होती, एकीच्या पायाला माकड झोंबत होतं. दिनकरराव एकेकीपाशी थांबून सांगत होते. पिळलेल्या केसांचं पाणी हंस पितोय ते बघ. आरसेवालीच्या पायातलं पैंजण बघ, एकच आहे, दुसरं घालायचं राहिलंय, इतकी ती स्वतःला बघण्यात दंग आहे. नर्मदा ऐकत होती. लाज मागं पडली होती. तिला वाटलं, घरी न बोलणारा माणूस इथं येऊन बोलायला लागला, तर पुतणी म्हटल्याचं एवढं काय.

"दुसरं पैंजण माकडानं पळवलंय," ती हळूच म्हणाली. "त्या तिकडच्यानं."

ग्यानबा मोठ्यानं हसला. "बाई बी असंच म्हणाल्या व्हत्या," तो म्हणाला. "साहेब, आठवतंय का? माकडानं पळवलंय, म्हणाल्या. ह्या खांबाला टेकून बसल्या व्हत्या."

दिनकरराव हो म्हणाले. खूप आठवतंय, म्हणाले. आणि ते खांबाच्या बुडाशी, जिथं कुणी बसलं असतं तिथं, बघत राहिले.

त्यानंतर नर्मदेच्या लक्षात यायला लागलं. ते सांगताना तिच्याकडं तोंड करून बोलत होते, पण नजर तिच्या खांद्यावरून मागं जात होती. मधेच एखाद्या ठिकाणी ते थांबायचे, जणू आता समोरून काही विचारलं जाईल, आणि ती काही विचारायच्या आतच त्याचं उत्तर द्यायचे. हे सगळं बोलणं आधी एकदा होऊन गेलेलं होतं. बारवेवर गेले तेव्हा ग्यानबा म्हणाला की बाई तळापर्यंत उतरल्या होत्या, आमी नगं म्हणत असताना. दिनकररावांनी नर्मदेला विचारलं नाही की तुला उतरायचं आहे का. ते एकटेच खाली गेले. ती वर कठड्यापाशी उभी राहून त्यांची काळी टोपी एकेक पायरी लहान होताना बघत होती. तळाशी ते पाण्याजवळ बसले. ग्यानबा म्हणाला, साहेबांचं मन लागतंय इथं. नर्मदेनं मान हलवली.

दुपारी गुरवाच्या ओसरीत धपाटे खाल्ले. कासाबाईनं पिठलं केलं होतं. जेवण होतंय तोच पाटलाचा माणूस बोलवायला आला. साहेब गावात आल्याचं कळलं होतं आणि एका बांधाचा तंटा होता, नुसतं डोळ्यांखालून घालावं, अशी विनवणी होती. सुट्टीचा दिवस असला तरी दिनकररावांना नाही म्हणवेना. ते आणि ग्यानबा शिवाराकडं गेले. तिसऱ्या पहरी चहाला येतो, असं सांगून गेले.

दोघी मागच्या अंगणात बसल्या. कासाबाई तूर निवडायला घेऊन बसली होती, नर्मदेनं सुपाची दुसरी बाजू धरली. कासाबाईनं विचारलं, नवरा काय करतो.

"कचेरीत हायेत," नर्मदा म्हणाली.

"सासू-सासरे?"

"न्हाईत. दोघंच हाव."

"मंग तर चांगलं की. चांगला हाय का?"

"चांगले हायेत." सूप झटकून ती म्हणाली, "बोलत न्हाईत फार."

कासाबाई म्हणाली की पुरुषाचं तसंच असतं, एखादं लेकरू झालं की बोलतेत. तुझ्या चुलत्याचंच बघ, पयले किती बोलके व्हते, आता जरा उतरल्यावानी दिसायलेत. मग ती हात पुसून आत गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. कमलबाई इथून गेल्या तेव्हा चौथा महिना होता, ती सांगायला लागली. चौदा वर्षांनी आस लागली होती. इथल्या महादेवाला दोघींनी मिळून नवस बोलला होता. चहा करायला तिनंच मला शिकवलं. आमच्या घरात कुणाला चहा ठाऊक नव्हता. चुलीम्होरं बसून दोघी किती हसायचो. मी कोण, ती कोण, पण बहिणीसारखी बसायची.

तिनं गाठोडं सोडलं. आत लुगड्याच्या तुकड्यांचं शिवलेलं एक टोपडं होतं, आणि त्याच कापडाचं एक अंगडं, जरा मोठं.

"टोपडं तवाच शिवलं व्हतं. धाडायला कुणी गावलं न्हाई. आता तीन वरसाचं लेकरू, टोपडं कशाला व्हतंय? म्हून गेल्या दिवाळीत अंगडं केलं, अदमासानं." कासाबाईनं ते नर्मदेच्या मांडीवर पसरलं. "तू तर घरातली हाईस. सांग की, पोरगं झालं का पोरगी? साहेबाला इचारायला मला लाज वाटली. एवढं येतंय का त्याला?"

नर्मदेनं अंगडं हातात धरलं. बाह्यांना लाल कापडाची बारीक किनार लावलेली होती. हो म्हणावं असं एकदा तिच्या मनात आलं. येतंय, म्हणावं, आणि घेऊन जावं. पण घरी नेऊन ते ठेवायचं कुठं, आणि उद्या ह्या बाईला बाहेरून कळलं तर ती ह्या अंगड्याचं काय समजेल.

"कासामावशी," ती म्हणाली. "त्या न्हाईत."

"कोण न्हाई?"

"कमलबाई. हिंगोलीला गेल्या. बाळंतपणातच. लेकरू बी न्हाई राहिलं."

कासाबाईनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, कारण पलीकडं शेजारच्या अंगणात माणसं होती. तिचं अंग हलत होतं, आवाज येत नव्हता. नर्मदेनं सूप बाजूला केलं आणि तिच्याजवळ सरकली. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जिला तिनं कधी बघितलं नव्हतं, जिच्या नावामुळं सहा महिने तिला घरात आणि घराबाहेर जागा मिळाली नव्हती, तिच्यासाठी रडणाऱ्या बाईला ती गप गप म्हणत होती. तिला स्वतःला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बऱ्याच वेळानं कासाबाईनं डोळे पुसले. तिची नजर नर्मदेच्या गळ्यातल्या काळ्या पोतीवर गेली, मग हातातल्या नव्या चुड्यावर.

"मंग तू कोण?"

"मी दुसरेपणाची," नर्मदा म्हणाली.

कासाबाईनं तिचा हात धरला. कोंबड्या सुपातली तूर टिपायला आल्या, त्यांना कुणी हाकललं नाही.

"पुतणी म्हणला तुला," कासाबाई शेवटी म्हणाली. "त्याच्या जिभंला कसं आलं? आता येऊ दे, मी इचारते."

"नका इचारू," नर्मदा म्हणाली. "आज सहा महिन्यांत पहिल्यांदा बोललेत ते. इथं त्या हायेत असं समजून बोलायलेत. तुमाला कळलंय म्हणल्यावर त्यांना यायला जागाच न्हाई राहायची."

कासाबाईनं उठून गाठोडं बांधलं, आत नेऊन कणगीमागं ठेवलं, तोंडावर पाणी मारलं आणि चूल पेटवली.

उन्हं कलायला लागली तेव्हा पुरुष माणसं परतली. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. चुलीवर पाणी उकळत होतं. कासाबाईनं आलं ठेचलं, गुळाचा खडा टाकला, चहाची पूड टाकून पातेलं खाली उतरवलं आणि त्यावर झाकण ठेवलं. मग शेळीचं दूध निराळं तापवलं. नर्मदा शेजारी बसून बघत होती. असा चहा तिला येत नव्हता. ती घरी सगळं एकदम उकळायची, आणि दिनकरराव तो पिऊन कप खाली ठेवायचे. काही म्हणायचे नाहीत.

दोन कपबश्या होत्या, त्या दिनकररावांना आणि नर्मदेला दिल्या. ग्यानबा आणि कासाबाईनं पितळ्या घेतल्या. चौघं बसले. दिनकररावांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"तोच चहा," ते म्हणाले.

कासाबाईचे डोळे सुजले होते. धुरानं, असं तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मग पितळीतल्या चहाकडं बघत ती म्हणाली, "बाईला म्हणावं, कासा चहा इसरली न्हाई."

"सांगतो," दिनकरराव म्हणाले.

ह्या सगळ्यातलं ग्यानबाला काहीच ठाऊक नव्हतं. देवळं दाखवून, शिवार हिंडून तो खूष होता. त्यानं विचारलं, "आन् लेकरू काय म्हणतंय, साहेब?"

कासाबाई त्याला म्हणाली की वासरू सुटलंय का बघून या. तो म्हणाला, सुटलेलं नाही, आत्ताच बांधलंय. आणि तो दिनकररावांकडं बघत राहिला.

दिनकररावांनी बशी खाली ठेवली. नर्मदेला वाटलं, आता ते सांगतील. तिनं आपला कप दोन्ही हातांत धरला होता.

"बरा आहे," ते म्हणाले. "चालतो आता. ओट्याच्या पायऱ्या एकटा उतरतो. बसून बसून उतरतो, एकेक. हात धरू देत नाही."

"बाईवर गेला म्हणायचा," ग्यानबा म्हणाला. "त्या बी बारवंत अशाच उतरल्या."

"हो. तिच्यावरच गेला."

कासाबाई उठून आत गेली. चुलीशी भांडी हलवल्याचा आवाज आला. दिनकरराव उरलेला चहा पीत होते, आणि त्यांच्या तोंडावर एक शांतपणा होता, घरी कधी न दिसलेला. नर्मदा त्यांच्याकडं बघत होती. जिंतूरच्या त्या ओट्यावर रोज संध्याकाळी ते बसतात तेव्हा काय बघत असतात, हे तिला आज कळलं. तिथं एक पोरगा होता. तीन वर्षांचा, पायऱ्या उतरणारा. ती आतून त्यांना जेवायला हाक मारायची तेव्हा त्यांना ओ द्यायला एवढा वेळ का लागायचा, तेही कळलं. तिला त्या लेकराचा हेवा वाटला नाही आणि कमलबाईंचाही नाही. एवढंच वाटलं की आपल्या घरात आपल्याशिवाय तिघं राहतात. चहा गार झाला होता. तिनं तो पिऊन टाकला, कारण कासाबाईनं केला होता.

निघताना कासाबाईनं तिच्या ओटीत बोरं घातली आणि कपाळाला कुंकू लावलं. दिनकरराव दमणीत चढत होते, तेवढ्यात ती नर्मदेच्या कानाशी म्हणाली, "एकटी पडू नगंस. मी हाय." मग मोठ्यानं म्हणाली, पुतणीला पुन्हा घेऊन या साहेब.

परतीच्या वाटेवर दिनकरराव काही बोलले नाहीत. अर्ध्या रस्त्यात अंधार पडायला लागला तसं त्यांनी मागं वळून विचारलं की थंडी वाजते का, आणि आपली शाल काढून आत दिली. नर्मदेनं ती अंगावर घेतली. मला पुतणी का म्हणालात, हे विचारायचं तिनं तीनदा ठरवलं. पण पुढं मुंजाजी बसलेला होता, आणि घरी पोचल्यावर मुंजाजी निघून गेला तेव्हा विचारायची वेळ निघून गेल्यासारखी झाली. जेवून ते ओट्यावर जाऊन बसले.

त्यानंतर त्यांनी तिला चारठाण्याला नेलं नाही. स्वतः मात्र दौऱ्यात दोन-तीन महिन्यांतून एकदा जायचे. आले की सांगायचे, कासाबाई तुझी चौकशी करत होती. पुतणीचं बरं चाललंय का म्हणाली. पुतणीनं तब्येत जपावी म्हणाली. कधी बोरं, कधी हुरडा, कधी नुसता निरोप. नर्मदाही निरोप द्यायची, कासामावशीला म्हणावं मी बरी हाय. कासाबाई कमलबाईंचं नाव आता काढत नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, कुणास ठाऊक. ते बोलले नाहीत. नर्मदेनंही विचारलं नाही. पण त्या निरोपांमुळं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी नवरा-बायकोचं दोन-चार वाक्यं बोलणं व्हायचं, आणि ती त्या दिवसाची वाट बघायची. चहा तिनं कासाबाईसारखा करायला घेतला. दूध निराळं तापवायचं, पूड टाकली की पातेलं खाली घ्यायचं. पहिल्या दिवशी दिनकररावांनी कप हातात धरून तिच्याकडं बघितलं. मग प्याले.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. सातवा लागला तेव्हा दिनकररावांनी तिला माहेरी न्यायला बैलगाडी ठरवली, आणि त्याच्या आधी चार दिवस ते चारठाण्याच्या दौऱ्यावर जाऊन आले. आले तेव्हा दिवे लागलेले होते. त्यांनी शेरवानी काढून खुंटीला अडकवली आणि ओट्यावर न जाता आतच, चुलीजवळच्या पाटावर बसले.

"आज कासाबाईला सांगून टाकलं," ते म्हणाले.

नर्मदा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "काय?"

"कमल गेल्याचं. लेकराचंही सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. रडली. लय वेळ रडली. ग्यानबाही रडला." ते चुलीतल्या जाळाकडं बघत होते. त्यांचे डोळे ओले होते. "मला म्हणाली, बरं केलंत साहेब, सांगितलंत ते."

नर्मदेला कासाबाई डोळ्यांसमोर दिसली, पदर तोंडात धरलेली. ठाऊक असलेलं दुःख त्या बाईनं त्यांच्यासाठी पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकून घेतलं होतं. ही माया आपल्याला पिंगळीतही कुणी दाखवली नाही, असं तिला वाटलं. तिनं तव्यावर भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग पाठमोरीच तिनं विचारलं.

"आन् माझं?"

दिनकररावांना लगेच कळलं नाही. मग कळलं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"ते सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला सांगतो."

नर्मदेनं भाकरी उलटली. ती फुगली, कडेनं वाफ निघाली. तिनं ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवलं, आणि ते जेवेपर्यंत तिथंच भिंतीला टेकून बसली. पोटातलं लेकरू हलत होतं. हे त्यांना सांगावं की नाही, ह्याचा ती विचार करत राहिली.